सॉफ्टवेअरच्या धंद्यात झाकली मूठ तोट्याची

कोणत्याही धंद्याला एक बाहेरचे अंग असते आणि एक आतले. दुकानाची पाटी, मालाचा भाव, महिन्याचा पगार हे बाहेरचे अंग; ते सर्वांना दिसते. काम प्रत्यक्षात कसे होते, हत्यार हाताला कसे बसते आणि नवा माणूस कसा तयार होतो, हे आतले अंग. सॉफ्टवेअरच्या धंद्याविषयी आपल्याकडे जी चर्चा चालते ती जवळजवळ सगळी बाहेरच्या अंगाची असते. मुलाला पॅकेज किती मिळाले, कंपनी पुण्यातली की बंगलोरची, परदेशी जाण्याची संधी आहे की नाही, एवढे विचारून आपण थांबतो. आत काय चालते याची विचारपूस पालक करीत नाहीत, क्लासवाले करीत नाहीत आणि आश्चर्याची गोष्ट अशी की पुष्कळदा खुद्द मालकही करीत नाहीत.

दहा-बारा मुलांना घेऊन सॉफ्टवेअरचे काम करणाऱ्या लहान कंपन्या आज मुंबई-पुण्याबाहेरही अनेक शहरांत उभ्या राहिल्या आहेत. जागेचे भाडे, विजेचे बिल, संगणकांची किंमत आणि पगार हा हिशेब प्रत्येक मालक पैशापैशाने ठेवतो. परंतु एक खर्च त्याच्या वहीत कधीच येत नाही. समजा, दहा प्रोग्रामर आहेत आणि प्रत्येकाचा रोज एक तास चाचपडण्यात जातो. कुठली फाईल कुठे आहे ते शोधणे, प्रोग्राम तयार होईपर्यंत वाट पाहणे, ज्याला माहीत आहे तो माणूस जेवून येईपर्यंत बसून राहणे यात हा तास संपतो. दहा माणसांचे दहा तास झाले. आठ तासांचा दिवस धरला तर मालक रोज सव्वा माणसाचा पगार वाऱ्यावर सोडतो आहे! चोरी झाली असती तर त्याने पोलिसांत तक्रार केली असती. या गळतीची मात्र त्याला खबरही नसते.

ही गळती थांबविण्याच्या विचाराला या धंद्यात ‘डेव्हलपर एक्स्पिरिअन्स’ म्हणतात. सॉफ्टवेअर बनविणाऱ्याला त्याची हत्यारे, त्याची कामाची जागा आणि त्याच्या कामाची रीत कशी अनुभवास येते, एवढाच याचा अर्थ. काहींना हा प्रोग्रामरचे लाड पुरविण्याचा प्रकार वाटतो. आमचे मत असे की हा सरळ नफा-तोट्याचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर उघडपणे शिकण्यात आणि शिकविण्यात आहे.

हत्याराने बोलले पाहिजे

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. मागावर ताण्याचा एक धागा तुटला आणि माग तसाच धावत राहिला, तर वारच्या वार कापडात दोष उतरत जातो. कारागिराची नजर चुकली की माल गेला. जपानमध्ये साकिची तोयोदा या माणसाने नेमका हाच प्रश्न हाती घेतला आणि १९२४ साली असा स्वयंचलित माग तयार केला की धागा तुटताच माग आपोआप थांबे. दोष जिथे झाला तिथेच आणि तेव्हाच कळला पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व. पुढे त्याच घराण्याने मोटारींचा कारखाना काढला तेव्हा हे तत्त्व तिथेही नेले.

सॉफ्टवेअरमध्ये धागा रोज शंभरदा तुटतो. प्रश्न असा की यंत्र ते सांगते कसे? पायथन या भाषेचे उदाहरण घ्या. जगातल्या लाखो विद्यार्थ्यांची ही पहिली भाषा. प्रोग्राममध्ये एखादा कंस उघडून बंद करावयाचा राहिला, तर जुना पायथन पुष्कळदा पुढच्या, अगदी बरोबर असलेल्या ओळीकडे बोट दाखवून ‘वाक्यरचना चुकीची’ एवढेच म्हणत असे. नवखा मुलगा त्या निर्दोष ओळीत तासभर दोष शोधत बसे आणि शेवटी ‘हे आपल्याला जमणार नाही’ असे ठरवून उठे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून तोच पायथन चुकलेल्या जागेवर बोट ठेवून सांगू लागला की हा कंस बंदच केलेला नाही. भाषा तीच राहिली आणि शिकणाऱ्याचा तास वाचला.

याच्या काही वर्षे आधी, २०१५ मध्ये, एल्म या लहानशा भाषेचा कर्ता इव्हान चाप्लित्स्की याने आपल्या भाषेतील चुकांचे संदेश माणसाला समजतील अशा शब्दांत नव्याने लिहून काढले. पुढच्याच वर्षी रस्ट या भाषेच्या मंडळींनी आपले संदेश सुधारले आणि एल्मपासून आपण प्रेरणा घेतली असे उघड सांगितले. एकाने केलेली सुधारणा दुसऱ्याच्या उपयोगी पडली, कारण ती कुणी मुठीत धरून ठेवली नव्हती.

या विषयाचा अभ्यास करणाऱ्या चार संशोधकांनी २०२३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी तीन गोष्टींकडे लक्ष वेधले. केलेल्या कामाचे बरे-वाईट किती लवकर कळते ही पहिली; कामासाठी डोक्यात किती ओझे वागवावे लागते ही दुसरी; आणि मध्येच व्यत्यय न येता एकाग्रतेने काम करता येते की नाही ही तिसरी. या तिन्ही गोष्टी आपल्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. खुर्चीवर बसून होणाऱ्या कामालाही त्या लागू पडतात, एवढेच आपण विसरलो.

गप्प यंत्राची किंमत

दुर्लक्षाची किंमत किती पडू शकते हे पाहावयाचे तर १ ऑगस्ट २०१२ चा दिवस आठवावा. नाइट कॅपिटल ही अमेरिकेतील शेअर बाजाराचे मोठे व्यवहार करणारी कंपनी. तिने नवा प्रोग्राम आठ यंत्रांवर बसवावयास घेतला. तो सात यंत्रांवर बसला आणि आठव्यावर राहून गेला. दुसऱ्या कुणी तो तपासला नाही, कारण तपासावा असा लेखी नियमच नव्हता. त्या आठव्या यंत्रावर २००३ पासून वापरात नसलेला जुना प्रोग्राम पडून होता. बाजार उघडताच तो जागा झाला आणि सौद्यांवर सौदे करीत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. पुढच्याच वर्षी ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

यातली एक गोष्ट फार बोलकी आहे. त्या दिवशी बाजार उघडण्यापूर्वीच यंत्रणेने काहीतरी बिघडल्याची ९७ पत्रे आपोआप कर्मचाऱ्यांना ई-मेलने पाठविली होती. परंतु ती धोक्याची सूचना म्हणून पाठविण्याची व्यवस्थाच नव्हती, म्हणून कुणी त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. यंत्र बोलले, पण ऐकू जाईल अशा रीतीने बोलले नाही. दोष त्या एका तंत्रज्ञाच्या माथी मारणे सोपे आहे. खरा दोष अशा धंद्याचा की ज्यात एवढे महत्त्वाचे काम एका माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडले होते.

चूक उघड करण्यात अब्रू जात नाही

आता याच्या उलट उदाहरण पाहू. गिटलॅब ही प्रोग्रामरांचा कोड सांभाळून ठेवणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिच्या एका इंजिनिअरने दुरुस्तीच्या घाईत भलत्याच यंत्रावरील माहितीचा साठा पुसण्याची आज्ञा दिली. दोन-एक सेकंदांत चूक लक्षात आली, पण तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचारच उरले होते. राखीव प्रती शोधावयास गेले तेव्हा कळले की नेहमीच्या प्रती कित्येक दिवस तयारच होत नव्हत्या आणि ते कळविणारी पत्रेही कुणापर्यंत पोहोचत नव्हती. त्याच इंजिनिअरने सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी एक प्रत काढली होती, म्हणून कंपनी वाचली.

अशा वेळी आपल्याकडे काय झाले असते? दार बंद करून कुजबूज झाली असती, एकाला घरी पाठविले असते आणि गिऱ्हाइकांना ‘तांत्रिक अडचण’ एवढेच सांगितले असते. गिटलॅबने दुरुस्तीचे काम चालू असतानाच त्याच्या नोंदी सर्वांसमोर ठेवल्या, इतकेच काय, ते काम जगाला थेट दाखविले. नंतर काय घडले, का घडले आणि पुढे काय करणार याचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्यात ठपका एका माणसावर न ठेवता कामाच्या रीतीवर ठेवला. कंपनी बुडाली नाही. २०२१ मध्ये तिचे शेअर अमेरिकेच्या बाजारात दाखल झाले. तो अहवाल आजही जगभरचे प्रोग्रामर वाचतात आणि आपल्या राखीव प्रती खरोखर उघडतात की नाही हे तपासून पाहतात. एका कंपनीच्या नुकसानीतून हजारो कंपन्यांना फुकट धडा मिळाला.

जुन्या कारागिरीत उस्ताद शेवटची खुबी हातची राखून ठेवीत असे आणि त्याला कारणही होते. खुबी गेली की गिऱ्हाईक गेले. सॉफ्टवेअरमध्ये हा हिशेब उलटा पडतो. इथे माल रोज बदलतो. ज्याने तो लिहिला त्यालाच सहा महिन्यांनी तो परका वाटतो. लपविलेली खुबी प्रथम लपविणाऱ्यापासूनच लपते. तो माणूस आजारी पडला किंवा नोकरी सोडून गेला की सगळा कारभार ठप्प होतो. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण या धंद्यात चालत नाही.

शिकणाऱ्याला याचा काय लाभ?

लहान गावातल्या, ओळख-वशिला नसलेल्या मुलासाठी तर उघडपणे शिकणे हा मोठाच आधार आहे. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस तोरवाल्ड्‌स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले आणि तीत काय हवे ते लोकांना विचारले. काम अर्धवट होते, दोष होते. ते पूर्ण होईपर्यंत तो थांबला असता तर कदाचित त्याच्या वहीतच राहिले असते. लोकांनी दोष दाखविले, दुरुस्त्या पाठविल्या आणि त्यातून लिनक्स उभी राहिली. आज अँड्रॉइडचा प्रत्येक मोबाईल तिच्याच गाभ्यावर चालतो.

आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर मुंबईतील फ्रापे या कंपनीचे घ्यावे. लहान-मोठ्या कारखान्यांचा हिशेब आणि माल-साठा सांभाळणारे ‘इआरपीनेक्स्ट’ हे तिचे सॉफ्टवेअर. त्याचा सगळा कोड उघडा आहे. कुणीही तो वाचावा, वापरावा, त्यातला दोष सांगावा, दुरुस्ती पाठवावी. मालेगावातला एखादा बी.सी.एस.चा विद्यार्थी तो उघडून पाहू शकतो की खरा धंदा चालविणारे सॉफ्टवेअर आतून कसे असते. ही संधी त्याला कोणत्याही क्लासच्या प्रमाणपत्रात मिळणार नाही.

‘पण आम्ही नवखे, आम्ही काय देणार?’ असे मुले विचारतात. उत्तर असे की नवख्याजवळ जे असते ते जाणत्याजवळ उरलेले नसते. वाट कुठे अडते हे पहिल्यांदा चालणाऱ्यालाच दिसते. रोज जाणाऱ्याला खड्ड्याची सवय झालेली असते. सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर बसविताना कुठे अडलात, कोणती पायरी माहितीपत्रकात नव्हती, कोणता संदेश समजला नाही, हे मुद्देसूद लिहून त्या सॉफ्टवेअरच्या मंडळींकडे पाठविणे हेच पहिले योगदान. त्याने मागून येणाऱ्या शंभर जणांचा तास वाचतो.

शिवाय काही ज्ञान फक्त आपल्याचजवळ आहे. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या दोन शब्दांतला फरक मराठी माणसाला सांगावा लागत नाही; एक गुरू आणि दुसरा स्वयंपाकी! परंतु दुसऱ्या शब्दातला ‘र’ संगणकात दोन वेगवेगळ्या रीतींनी साठविता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात आणि शोध घेतला की एक सापडतो, दुसरा सापडत नाही. अमेरिकेत बसलेल्या प्रोग्रामरला हे कसे कळावे? मराठी मुलाने तो दोष नोंदविला, उदाहरण दिले, तपासण्याची रीत लिहिली, तर त्याचे नाव त्या कामावर कायमचे राहते. नोकरी देणारा ते नाव आणि काम पाहतो. गावाचे नाव पाहत नाही.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा की सगळे उघड केले तर धंद्याचे गुपित राहणार कसे? याला उत्तर सरळ आहे. कामाची रीत उघडी ठेवावी, गिऱ्हाइकाची अमानत झाकून ठेवावी. गिऱ्हाइकांची माहिती, पासवर्ड आणि किल्ल्या कोडमध्ये लिहिणे हा गुन्हाच समजावा. २०१६ मध्ये उबर कंपनीच्या कोडच्या साठ्यात लिहून ठेवलेली किल्ली चोरांच्या हाती लागली आणि ५.७ कोटी लोकांची माहिती गेली. तो साठा खाजगी होता हे ध्यानात घ्यावे. बंद खोलीच्या भरवशावर किल्ली दारातच ठेवणारा असाच फसतो.

दुसरा आक्षेप मालकांचा. शिकविलेला मुलगा दुसरीकडे जातो. तो तर न शिकविताही जाईल! प्रश्न तो जाताना मागे काय ठेवून जातो हा आहे. लिहून ठेवलेली रीत मागे राहिली तर नवा माणूस आठवड्यात उभा राहतो. नाहीतर तीन महिने पगार खाऊन चाचपडत बसतो.

तिसरा प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेचा. २०२२ नंतर कोड लिहून देणारी यंत्रे घरोघरी आली. मग शिकावयाचे कशाला, असे काही जण विचारतात. २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरांवर एक चाचणी झाली. ही यंत्रे वापरल्याने काम सुमारे २० टक्के लवकर झाले असे त्यांना वाटले. प्रत्यक्ष मोजले तेव्हा १९ टक्के अधिक वेळ लागला होता. साधने रोज सुधारत आहेत, त्यामुळे हा आकडा कायमचा मानू नये. धडा मात्र कायमचा आहे: आपल्याला काय वाटते यावर न विसंबता मोजून पाहावे. शिवाय जिथे कामाची रीत कागदावर नाही तिथे यंत्रालाही ती कळत नाही. यंत्राने लिहिलेला कोड बरोबर की चूक याचा जबाब शेवटी माणसालाच द्यावा लागतो.

चौथी गोष्ट आक्षेपापेक्षा इशारा म्हणून सांगतो. उघडा माल म्हणजे फुकटचा माल नाही. लिनक्सच्या जगात सर्वत्र वापरले जाणारे ‘एक्स-झेड’ नावाचे लहान सॉफ्टवेअर एक थकलेला माणूस बिनपगारी सांभाळीत होता. मदतीच्या मिषाने एकाने दोन वर्षांहून अधिक काळ खपून त्याचा विश्वास मिळविला आणि त्यात चोरवाट घातली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरच्या लक्षात आले की आपल्या यंत्रात प्रवेश करावयास सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. दुसऱ्या कुणी ते सोडून दिले असते. त्याने खोदत जाऊन चोरवाट शोधली आणि दुसऱ्यांनाही तत्काळ उघड कळविले. मोठा अनर्थ टळला. अर्ध्या सेकंदाचीही चौकशी करणारी नजर आणि आत पाहू देणारा उघडा कोड, या दोन्ही गोष्टी होत्या म्हणून तो टळला. ज्यांच्या उघड्या कामावर आपला धंदा चालतो त्यांना मदतीचा हात आणि जमेल तेवढा पैसाही दिला पाहिजे.

करावयाचे काय?

मालकांनी निदान चार गोष्टी कराव्यात. नवा मुलगा रुजू होईल त्या दिवशी त्याच्या हाती वही द्यावी आणि तो जिथे अडेल ते लिहून काढावयास सांगावे; ती यादी म्हणजे कंपनीची प्रकृती तपासणी. प्रोग्राम बसविण्याची प्रत्येक पायरी लिहावी आणि जमेल तितकी यंत्राकडून करवून घ्यावी. राखीव प्रत महिन्यातून एकदा खरोखर उघडून पाहावी. आणि चूक झाली की ‘कुणी केली’ हे विचारण्याआधी ‘होऊ कशी शकली’ हे विचारावे. जिथे चूक सांगणाऱ्याची मान खाली जाते तिथे चुका थांबत नाहीत, लपतात.

तरुणांनी आजपासून रोज शिकलेले चार ओळींत लिहावे, मराठीत लिहिले तरी चालेल, आणि दुसऱ्याला दाखवावे. दुसऱ्याला समजेल असे लिहिता आले नाही तर आपल्यालाही ते पुरते समजलेले नाही, हे लगेच कळते. ‘लोक हसतील’ ही भीती सोडून द्यावी. हसणारे चार असतात, वाचून पुढे जाणारे चाळीस. हुन्नर वाटल्याने कमी होत नाही. सॉफ्टवेअरच्या धंद्यात तर तो न वाटणाऱ्याकडेच आधी जुना होतो आणि मग निकामी ठरतो.